सॉफ्टवेअर लायब्रऱ्या : पुनर्वितरण व परवाने

सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांचे पुनर्वितरण : संगणकाची आज्ञावली रचताना इतरांनी आधी लिहून ठेवलेले जे तयार आज्ञासंच तीत जोडून घेतले जातात, त्यांना ‘लायब्रऱ्या’ अशी संज्ञा आहे. अशी लायब्ररी स्वतःच्या आज्ञावलीबरोबर ग्राहकाच्या हाती देणे, म्हणजे तिचे पुनर्वितरण होय. ह्या व्यवहारात लायब्ररीचा कर्ता, आज्ञावली पुरविणारा पुरवठादार व ती वापरणारा ग्राहक असे तीन पक्ष असतात. कर्ता व ग्राहक यांची बहुधा कधीच गाठ पडत नाही. त्या दोघांमधील दुवा म्हणजे लायब्ररीचा परवाना. लायब्ररी वापरण्याची मुभा मिळाली, म्हणजे ती दुसऱ्यास देण्याचीही मुभा मिळाली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ह्या दोन भिन्न गोष्टी असून ह्या विषयातील बहुतेक वाद त्यांतील गल्लतीमुळेच उद्भवतात.

स्वरूप : नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गावरील कोहमारा (जि. गोंदिया) ह्या गावाच्या परिसरातील एखाद्या राइस मिलसाठी धानाची आवक, वजनकाट्यावरील नोंदी, भरडाई व पावत्या यांचा हिशेब ठेवणारी आज्ञावली कोणी तयार केली, असे समजू. त्या आज्ञावलीत पुरवठादाराने स्वतः लिहिलेला भाग मुख्यतः हिशेबाच्या नियमांचा असतो. नोंदी साठविणारा डेटाबेस, पावतीची पीडीएफ प्रत बनविणारी लायब्ररी, इंटरनेटवरून माहिती सुरक्षितपणे पाठविणारी लायब्ररी, वजनकाट्याकडून आकडे वाचणारी लायब्ररी आणि पावतीवरील मराठी अक्षरांचा टंक हे सर्व अन्य कर्त्यांचे असते. ह्यांपैकी प्रत्येक लायब्ररी पुन्हा इतर काही लायब्रऱ्यांवर विसंबून असते. त्यामुळे एक लायब्ररी घेतली असता तिच्याबरोबर अनेक लायब्रऱ्या नकळत येतात. मिलमालक एकाच पुरवठादारास पैसे देतो; प्रत्यक्षात मात्र त्याच्या संगणकावर अनेकांचा प्रताधिकार असलेली सामग्री येऊन पडते. तिच्यातील प्रत्येक भागाच्या अटी त्या भागाबरोबर प्रवास करीत असतात.

आज्ञावलीचे माणसाला वाचता येईल असे जे लिखित रूप असते, त्याला प्रस्तुत नोंदीत ‘मूळ संहिता’ म्हटले आहे. व्यवहारात त्यास ‘सोर्स कोड’ म्हणतात. संगणक प्रत्यक्ष चालवितो ते तिचे यंत्ररूप होय. ग्राहकाला सामान्यतः यंत्ररूपच दिले जाते. मूळ संहिता द्यावयाची की नाही, हे पुरवठादाराच्या मर्जीवर अवलंबून असते, असे मानले जाते. परंतु काही परवान्यांमुळे ही मर्जी मर्यादित होते.

भारतीय कायद्यातील आधार : भारतात हा विषय प्रताधिकार अधिनियम, १९५७ ह्या कायद्याखाली येतो. १९८४ मधील दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश ‘वाङ्मयीन कृती’च्या व्याख्येत करण्यात आला. पुढे १९९४, १९९९ व २०१२ मध्येही ह्या कायद्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. कृती निर्माण होताच प्रताधिकार आपोआप अस्तित्वात येतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नसते. म्हणून ज्या लायब्ररीबरोबर कोणताही परवाना दिलेला नाही, ती सर्वांना मोकळी आहे असे न मानता, तिचे सर्व हक्क कर्त्याने राखून ठेवले आहेत, असेच मानावे लागते. इंटरनेटवर सहज सापडलेल्या संहितेच्या बाबतीत हा नियम वारंवार विसरला जातो.

कलम १४ अन्वये कृतीच्या प्रती काढणे, त्या लोकांना उपलब्ध करून देणे, कृतीत रूपांतर करणे इ. हक्क केवळ प्रताधिकारधारकाचे असतात. कलम ५२ मध्ये काही अपवाद दिले आहेत. आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणारा ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामापुरत्या तिच्या प्रती काढू शकतो, हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत ठेवू शकतो, तसेच तिच्या पाठीमागील तत्त्वे जाणून घेण्यासाठी तिचे निरीक्षण व परीक्षण करू शकतो. हे सर्व अपवाद वापरणाऱ्यासाठी आहेत. तिऱ्हाइताची लायब्ररी आपल्या मालाबरोबर ग्राहकांना पुरविणे त्यांत बसत नाही. त्यासाठी परवानाच हवा.

कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर धारकाची स्वाक्षरी असण्याची आवश्यकता राहिली नाही. परवान्यांस कलम ३० क द्वारे कलम १९ मधील हस्तांतरणविषयक तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लागू होतात. त्या कलमानुसार मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची व प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरता मर्यादित असल्याचे मानले जाते. म्हणून पुरवठादाराने लायब्ररीचा व्यापारी परवाना घेताना आणि ग्राहकास स्वतःचा परवाना देताना मुदत व प्रदेश ह्या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिणे इष्ट ठरते.

जाणूनबुजून केलेल्या प्रताधिकारभंगास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३ ख खाली सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि तितकाच दंड होऊ शकतो. हे दुसरे कलम ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुरवठादाराच्या चुकीची माहिती नसलेला ग्राहक ह्या कलमाखाली सहसा येत नाही. परंतु धारकाची नोटीस हाती पडल्यानंतरही त्याने तीच प्रत वापरणे चालू ठेवले, तर अजाणतेपणाचा बचाव त्यास उरत नाही.

प्रत आणि प्रताधिकार : सॉफ्टवेअरची प्रत विकणे व त्यातील प्रताधिकार देणे यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून स्पष्ट होतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या मुंबईतील कंपनीने आंध्र प्रदेश राज्याविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात (२००४) माध्यमावर नोंदवून विकलेले तयार सॉफ्टवेअर हे विक्रीकराच्या संदर्भात ‘माल’ ठरते, असा निर्णय झाला. एंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स ह्या प्रकरणात (२०२१) प्राप्तिकराच्या संदर्भात न्यायालयाने असे स्पष्ट केले, की परदेशी उत्पादकाचे सॉफ्टवेअर आणून विकणाऱ्या वितरकास किंवा ते वापरणाऱ्या ग्राहकास केवळ प्रत मिळते, प्रताधिकारातील हक्क मिळत नाहीत. सीलबंद प्रत जशीच्या तशी विकणाऱ्या वितरकाला प्रती काढण्याची गरज नसते. लायब्ररी स्वतःच्या आज्ञावलीत गुंफणारा पुरवठादार मात्र प्रत्येक ग्राहकासाठी तिची नवी प्रत काढीत असतो. त्याची स्थिती पुस्तकविक्रेत्यासारखी नसून, दुसऱ्याचे प्रकरण आपल्या पुस्तकात छापणाऱ्या प्रकाशकासारखी असते.

वस्तुविक्रय अधिनियम, १९३० च्या कलम १४ नुसार विक्रेत्यास तो माल विकण्याचा हक्क आहे, हे प्रत्येक विक्रीत अध्याहृत असते. तयार सॉफ्टवेअर माल मानले गेल्यामुळे, परवान्याविना लायब्ररी घातलेली आज्ञावली विकणाऱ्यापुढे ह्या तरतुदीचाही प्रश्न उभा राहू शकतो.

परवान्यांचे प्रकार : पुनर्वितरणाच्या दृष्टीने परवान्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

(१) व्यापारी परवाने : ह्यांत लायब्ररीचा वापर व वितरण यांसाठी मोबदला आकारला जातो किंवा वितरणावर बंधने घातलेली असतात. आज्ञावलीकारांच्या संख्येनुसार, ग्राहकाच्या संगणकांच्या संख्येनुसार अथवा विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे शुल्क घेण्याच्या पद्धती रूढ आहेत. काही उत्पादक वितरणास मोकळ्या असलेल्या फाइलींची स्वतंत्र यादीच देतात. उदा., मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओबरोबर अशी यादी असते व तीत नसलेल्या, केवळ दोषशोधनासाठी दिलेल्या फाइली ग्राहकास देता येत नाहीत. चाचणीसाठी मोफत मिळालेली प्रत ग्राहकाकडे बसविणे हाही परवान्याचा भंगच होय.

(२) उदार परवाने : एमआयटी, बीएसडी व अपाची हे ह्या वर्गातील प्रमुख परवाने होत. ह्यांखालील लायब्ररी बंदिस्त व्यापारी आज्ञावलीत घालता येते आणि मूळ संहिता देण्याचे बंधन नसते. तथापि ‘उदार’ म्हणजे ‘विनाअट’ नव्हे. कर्त्याची प्रताधिकारसूचना व परवान्याचा मजकूर ग्राहकापर्यंत पोहोचविणे ही किमान अट असते. बीएसडी परवान्याच्या जुन्या रूपात जाहिरातीतही कर्त्याचा उल्लेख करण्याची अट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती १९९९ मध्ये काढून टाकली. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००४) बदललेल्या फाइलींत तसा निर्देश करणे आणि ‘नोटीस’ नावाची फाइल असल्यास तिच्यातील मजकूर पुढे देणे आवश्यक असते. तीत एकस्वाचाही (पेटंटचाही) परवाना अंतर्भूत असतो.

(३) कॉपीलेफ्ट परवाने : ह्यांचे तत्त्व असे, की जी मोकळीक पुरवठादारास मिळाली तीच त्याने ग्राहकास दिली पाहिजे. अमेरिकेतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन (स्थापना १९८५) ह्या संस्थेचा जीपीएल हा परवाना ह्या वर्गात प्रमुख असून त्याच्या आवृत्त्या १९८९, १९९१ व २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जीपीएलखालील लायब्ररी ज्या आज्ञावलीचा अविभाज्य भाग बनते, ती संपूर्ण आज्ञावली त्याच अटींवर द्यावी लागते. यंत्ररूपाबरोबर मूळ संहिता द्यावी लागते किंवा ती मागणाऱ्यास देण्याचे लेखी आश्वासन द्यावे लागते. दुसऱ्या आवृत्तीनुसार हे आश्वासन किमान तीन वर्षे टिकणारे असावे लागते. किंमत घेण्यास ह्या परवान्याची मनाई नाही. मनाई आहे ती ग्राहकाचे हक्क कमी करण्यास.

लायब्रऱ्यांसाठी ह्याच संस्थेने एलजीपीएल हा सौम्य परवाना १९९१ मध्ये काढला. त्याखालील लायब्ररी बंदिस्त आज्ञावलीस जोडता येते. मात्र ग्राहकाला त्या लायब्ररीची सुधारलेली आवृत्ती बसविता आली पाहिजे. म्हणून अशी लायब्ररी वेगळ्या फाइलीत ठेवून आज्ञावली चालू होताना जोडणे सोयीचे ठरते. ती आज्ञावलीत कायमची मिसळल्यास जोडणीसाठी लागणारे सुटे भागही ग्राहकास द्यावे लागतात. तसेच अशा बदलांतील दोष शोधण्यासाठी आज्ञावलीचे उलट विश्लेषण करण्यास मनाई करता येत नाही. पुष्कळ पुरवठादारांच्या ठरीव करारपत्रात असे विश्लेषण सरसकट निषिद्ध केलेले असते. एलजीपीएलखालील लायब्ररी घेतल्यास ते वाक्य बदलावे लागते.

वितरणाचा क्षण : ह्या बहुतेक परवान्यांतील कर्तव्ये लायब्ररी वापरल्याने नव्हे, तर ती दुसऱ्याच्या हाती दिल्याने निर्माण होतात. स्वतःच्या कार्यालयापुरती आज्ञावली चालविणाऱ्यास मूळ संहिता कोणालाही द्यावी लागत नाही. तीच आज्ञावली कोहमाऱ्याच्या मिलमधील संगणकावर बसविली, की वितरण घडते. आज्ञावली पुरवठादाराच्याच संगणकावर राहून मिलमालक ती इंटरनेटवरून वापरीत असेल, तर जीपीएलच्या दृष्टीने वितरण होत नाही. एजीपीएल (तिसरी आवृत्ती, २००७) ह्या परवान्याने मात्र ही पळवाट बंद केली आहे. त्याखालील लायब्ररीत बदल करून ती जाळ्यावरून वापरावयास दिली, तरी वापरणाऱ्यास मूळ संहिता उपलब्ध करावी लागते. शिवाय इंटरनेटवरील सेवेतही ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरणारा भाग हा वितरितच होत असतो. वजनकाट्याला जोडलेल्या छोट्या उपकरणात लिनक्स असेल, तर त्या उपकरणाची विक्री हेही वितरणच होय.

आवृत्तीगणिक परवाना बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. पीडीएफ बनविणारी आयटेक्स्ट ही लायब्ररी आधी एमपीएल व एलजीपीएल ह्या परवान्यांखाली मिळत असे. २००९ मधील पाचव्या आवृत्तीपासून ती एजीपीएल किंवा सशुल्क व्यापारी परवाना अशा पर्यायांत मिळू लागली. ओपनएसएसएल ह्या सुरक्षाविषयक लायब्ररीने उलट दिशेने जाऊन तिसऱ्या आवृत्तीपासून (२०२१) जुना परवाना सोडून अपाची परवाना स्वीकारला. एखादी लायब्ररी केवळ अद्ययावत केल्यानेही पुरवठादाराची कर्तव्ये बदलू शकतात, हे ह्यांवरून दिसून येते.

परवान्यांची विसंगती : दोन लायब्रऱ्यांचे परवाने स्वतंत्रपणे पाळता येण्याजोगे असूनही एकत्र पाळता न येणारे असू शकतात. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत आहे, परंतु दुसऱ्या आवृत्तीशी नाही. ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यातील जाहिरातविषयक अट जीपीएलशी विसंगत होती. म्हणून काही कर्त्यांनी आपल्या जीपीएल परवान्यास खास अपवाद जोडले होते. अशा विसंगतीवर पुरवठादारास तीन मार्ग मोकळे असतात : दुसरी लायब्ररी निवडणे, प्रताधिकारधारकाकडून वेगळा परवाना घेणे किंवा तो भाग स्वतः लिहिणे. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसप्रमाणे काही सॉफ्टवेअर जीपीएल आणि व्यापारी अशा दुहेरी परवान्यांखाली मिळते, ते दुसऱ्या मार्गाचे उदाहरण होय.

मराठी टंकांचे उदाहरण : मराठी मजकूर छापणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीबरोबर देवनागरी टंक द्यावा लागतो आणि टंकाची संगणकीय फाइल हीही परवान्याखालीलच वस्तू असते. रेड हॅट कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांचा टंकसंच आरंभी जीपीएलखाली होता. टंक दस्तऐवजात अंतःस्थापित केल्यास तो दस्तऐवजही जीपीएलखाली येतो काय, अशी शंका अशा टंकांबाबत घेतली जाई. २०११ मध्ये ‘लोहित’ला एसआयएल ओपन फाँट परवाना देण्यात आला. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंकही ह्याच परवान्याखाली आहे. ह्या परवान्यानुसार टंक सॉफ्टवेअरबरोबर विकता येतो, एकटा विकता येत नाही. त्याबरोबर परवान्याचा मजकूर द्यावा लागतो. टंकात बदल केल्यास बदललेला टंक त्याच परवान्याखाली द्यावा लागतो व कर्त्याने राखून ठेवलेले नाव त्यास देता येत नाही. टंक वापरून तयार केलेल्या पावत्या व पुस्तके मात्र ह्या बंधनातून पूर्णपणे मुक्त असतात. ह्याउलट संगणकाबरोबर किंवा कार्यालयीन सॉफ्टवेअरबरोबर आलेला व्यापारी टंक उचलून ग्राहकाकडे बसविणे सामान्यतः परवान्याबाहेरचे ठरते.

न्यायालयीन निर्णय : असे परवाने म्हणजे केवळ सदिच्छा नव्हेत, हे अनेक देशांतील न्यायालयांनी मान्य केले आहे. म्यूनिक येथील न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलच्या अटी न पाळणाऱ्या एका उपकरण-विक्रेत्याविरुद्ध मनाईहुकूम कायम केला. अमेरिकेतील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने जेकबसेन विरुद्ध कॅट्झर ह्या प्रकरणात (२००८) मोफत परवान्याच्या अटी मोडणे हा प्रताधिकारभंग ठरू शकतो, असे म्हटले. तो वाद खेळण्यातील आगगाड्या चालविणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी होता. सिस्को कंपनीविरुद्ध फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ मध्ये दाखल केलेला दावा २००९ मध्ये तडजोडीने मिटला. ग्राहकास लायब्ररी पुरविण्याच्या बाबतीत पॅरिसच्या अपील न्यायालयाचा फेब्रुवारी २०२४ मधील निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. शासकीय संकेतस्थळासाठी पुरविलेल्या प्रणालीत ऑरेंज ह्या दूरसंचार कंपनीने आंत्रूव्हेर ह्या लहान संस्थेची ‘लासो’ ही जीपीएलखालील लायब्ररी अटी न पाळता वापरली, असे ठरवून न्यायालयाने साडेसहा लाख यूरोंहून अधिक भरपाई देवविली. परवाना मोफत असला, तरी त्याच्या भंगाची किंमत मोठी असू शकते, हे ह्यावरून दिसते.

नकळत झालेली चूक सुधारण्यास काही परवाने वाव देतात. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार भंग होताच परवाना संपुष्टात येतो. तिसऱ्या आवृत्तीनुसार प्रथमच चुकलेल्या पुरवठादाराने धारकाची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केल्यास परवाना पूर्ववत होतो.

पुरवठादाराची कार्यपद्धती : पुनर्वितरणाची कर्तव्ये पार पाडण्यासाठी वकिलाच्या सल्ल्याइतकीच शिस्तीची नोंदवही आवश्यक असते. प्रत्येक लायब्ररीचे नाव, आवृत्ती, उगम, परवाना, केलेले बदल व जोडणीची पद्धत यांची यादी आज्ञावली ग्राहकास देण्यापूर्वीच तयार असावी. अशा याद्यांसाठी एसपीडीएक्स हे प्रमाणरूप २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ/आयईसी ५९६२) म्हणून स्वीकारले गेले. भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनेही २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अशा यादीचा उपयोग परवान्यांपुरताच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या लायब्ररीत गंभीर दोष आढळला, तेव्हा ती आपल्या आज्ञावलीत आहे की नाही, हेच अनेकांना प्रथम शोधावे लागले.

यादीच्या आधारे प्रताधिकारसूचना व परवान्यांचे मजकूर एका फाइलीत एकत्र करून ती आज्ञावलीबरोबर देतात. ज्यांची मूळ संहिता द्यावी लागते, त्यांची नेमकी तीच आवृत्ती जपून ठेवतात. कारण मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावर ती कायम राहील, याची शाश्वती नसते. बाहेरच्या आज्ञावलीकाराकडून काम करून घेतल्यास प्रताधिकाराचे लेखी हस्तांतरण करून घ्यावे लागते. नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रताधिकार एरवी मालकाचा असला, तरी स्वतंत्र कंत्राटदाराच्या बाबतीत तसे नसते. ग्राहकाशी केलेल्या करारात ‘ह्या सॉफ्टवेअरचे सर्व हक्क आमचे’ असे सरसकट न लिहिता, तिऱ्हाइतांचे भाग त्यांच्या स्वतःच्या परवान्यांखाली आहेत, असे नमूद करतात. मुक्त परवान्यांत हमी नाकारलेली असल्याने लायब्ररीतील दोषाबद्दल ग्राहक तिच्या कर्त्याकडे दाद मागू शकत नाही. ती जबाबदारी करारानुसार पुरवठादारावरच येते.

ग्राहकाचे हित : परवान्याचा प्रश्न हा पुरवठादार व लायब्ररीचा कर्ता यांच्यापुरता आहे, असे ग्राहकास वाटते. पण आज्ञावली बंद पडल्यास मिलचे काम थांबते आणि धान घेऊन आलेल्या गाड्या वजनकाट्यापाशी खोळंबतात. गोंदिया किंवा नागपूर येथील लहान पुरवठादाराने व्यवसाय बंद केला, तर ती आज्ञावली दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेता येईल काय, हे तिच्यातील भागांच्या परवान्यांवर व मूळ संहितेच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. पुरवठादाराच्या नावावरील व्यापारी लायब्ररीचा परवाना त्याच्याबरोबरच संपण्याची शक्यता असते. मुक्त परवान्याने मिळालेले ग्राहकाचे हक्क पुरवठादार नाहीसा झाला, तरी टिकून राहतात. म्हणून खरेदीच्या वेळी ग्राहकाने लायब्रऱ्यांची यादी मागणे, तिऱ्हाइताचा दावा उद्भवल्यास भरपाईचे कलम करारात घालून घेणे आणि शक्य तेथे मूळ संहिता त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवण्याची अट घालणे श्रेयस्कर असते. लायब्ररीच्या कर्त्याला त्याचे श्रेय, पुरवठादाराला त्याच्या कामाचा मोबदला आणि ग्राहकाला निर्वेध वापर ह्या तिन्ही गोष्टी एकाच यादीवर अवलंबून असतात व ती यादी आज्ञावली हातावेगळी करण्यापूर्वीच करावी लागते.